माझी आई, दहापैकी दहा

४ ऑगस्ट, सोमवार

सातवीच्या चाचणीचे एकोणचाळीस निबंध तपासले. विषय ‘माझी आई’. अडतीस आया पहाटे उठतात, राबराब राबतात आणि मायेचा सागर असतात. सगळ्यांचा सागर एकाच गाईडातला!

एकीची आई मात्र खोटारडी निघाली. ‘माझी आई फोनवर सांगते, निघाले. तेव्हा ती केस धुवायला चाललेली असते. तरी सगळ्यांच्या आधी पोचते. कशी, ते मी अजून शोधते आहे.’

पुटपुटी! तिसऱ्या बाकावर स्वतःशीच पुटपुटत बसणारी. मला इतके दिवस वाटायचं, पोरगी पाढे म्हणते. एकटीच खो-खो हसत सुटले. नवरा स्वयंपाकघरातून डोकावला. पेपरच तपासतेयस ना, म्हणे.

दहापैकी दहा दिले.

५ ऑगस्ट

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. निबंधाचे मुद्दे ठरलेले — माया, कष्ट, त्याग वगैरे पाच. मुद्द्याला दोन गुण. पुटपुटीकडे एकही मुद्दा नाही, म्हणजे शून्य! उद्या बोर्डातही पोरं असंच लिहून आली तर? तुमच्या हौसेपायी शाळेचा निकाल खाली आणू का, म्हणाल्या. पोरीलाही आधीच बोलावून झापलं होतं, मुद्दे पाठ का नाही केलेस म्हणून. आज दिवसभर ती पुटपुटली नाही.

तेवढ्याने माझं डोकं फिरलं. शून्य देणार नाही, असं सांगून आले.

६ ऑगस्ट

नवरा म्हणतो, नोकरी पक्की होईपर्यंत तरी गप्प बस. बसले. चहा होईपर्यंत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तो निबंध मोठ्याने वाचला — मुद्दाम, मोठ्या बाई दारात असताना. गणिताच्या सरांना हसता हसता ठसका लागला. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण निघाल्या होत्या त्या थांबल्या.

‘आमची आईही अशीच होती हो,’ म्हणाल्या, आणि पेपर घेऊन गेल्या.

शेवटच्या तासाला पेपर परत. दहापैकी दहा, खाली त्यांची सही! पुटपुटीने गुण दोनदा पाहिले, पेपर पोटाशी धरला आणि पुटपुटतच घरी गेली. जिंकले बाई एकदाची! इतका आनंद मला माझ्या निकालाचाही झाला नव्हता.

१८ ऑगस्ट

आज तर कहरच! मोठ्या बाईंनी पुटपुटीचा निबंध छापून वर्गात सगळ्यांना वाटला. वर ठळक अक्षरांत ‘नमुना उत्तर’. असू दे. असंही लिहिता येतं, हे पोरांना कळेल तरी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सहामाहीचे पेपर आले. पुन्हा ‘माझी आई’. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस आया ‘निघाले’ म्हणतात आणि केस धुवायला जातात. पुटपुटीचीही. शब्दन्‌शब्द तोच.

तिला बाजूला घेऊन विचारलं, अगं, तुला तरी नवीन काही सुचलं नाही का?

‘सुचलं होतं ना, बाई. पण दहा ह्याला मिळतात.’