बरोबरच्या खुणा

८ जुलै १९९६
आज पकडली. अलकाला वाचता येत नाही. चौथीत आहे आणि गेले तीन आठवडे माझ्यासमोर धडे धडाधड वाचतेय! पुस्तक भावाचं जुनं. मधली दोन पानं निसटून भलतीकडे बसलेली. पान उलटलं, समोर छापलंय एक आणि बाईसाहेब म्हणतायत दुसरंच. बोट ओळीवरून फिरतंय, तोंड चालतंय, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. भावाचं ऐकून ऐकून अख्खं पुस्तक पाठ.
"हा शब्द कुठला गं?" तिनं पान उलटलं. "बरं, हे अक्षर?" पुस्तकच मिटलं. पोरं फिदीफिदी हसली. मी पोरांवर ओरडले. खरं तर स्वतःवरच ओरडायला हवं होतं.
मधल्या सुट्टीत चौथीच्या एकेकाला बोलावून बघितलं. अलका धरून सहा जण तसेच. तीन वर्षं यांना कोण शिकवत होतं म्हणून चिडले, मग आठवलं. दुसरीला माझ्याच वर्गात होते.

१५ जुलै
हेडगुरुजींच्या कानावर घातलं. शाळेत आम्ही दोघंच, इयत्ता चार. म्हणाले, "बाई, तुमी काय आज नोकरीला लागलाय का? सहा जणांपायी रडत बसला तर बाकीच्यांचं कोन बगनार?" एवढं बोलून मतदार याद्यांच्या कामाला इंदापूरला निघून गेले. चारही वर्ग माझ्या गळ्यात. पहिलीला उजळणी म्हणायला लावली, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला गणितं. चौथीला काय दिलं ते आता आठवत नाही.

२ ऑगस्ट
रोज मधली सुट्टी त्या सहा जणांची. क, म, ळ पासून. दोघं पळतात खेळायला, त्यांचंही काय चुकलं? अलका मात्र डबा हातात घेऊनच येते. पहिली अट घातली, "दार लावा बाई, पहिलीतली पोरं बगत्याल." लावलं दार.

२५ ऑगस्ट, रविवार
लोणी भापकरला माहेरी दादांना भेटून आले. आता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पेपर वाचून दाखव म्हणाले. दाखवला. मग विचारलं, "तुज्या हाताखालची पोरं वाचत्यात न्हवं?"
"व्हय दादा."
बापाशी खोटं बोलले. दादांना त्यांच्या मास्तरांनी जातीमुळं चार वर्षं व्हरांड्यात बसवलं होतं. खिडकीतून फळा बघून ते वाचायला शिकले. मी कुणाला बाहेर बसवत नाही. सगळ्यांना आत घेते, हजेरी लावते, आणि शिकवायचं राहून जातं. परतीच्या एसटीत नुसती रडत होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "माहेर सुटत न्हाय गं बाय." म्हटलं, हो.

१२ ऑक्टोबर
क्षमतांची नोंदवही आज पुरी करून द्यायची होती. प्रत्येक पोराच्या नावापुढे रकाने: समजून वाचतो, ऐकून लिहितो वगैरे. साध्य असेल तर बरोबरची खूण. हे.गु. शेजारी उभे. अलकाच्या ओळीत मी थबकले तर म्हणाले, "भरा भरा. कोरं ठेवलं तर उपचारात्मक अध्यापनाचा आराखडा मागत्यात, त्यो कोन लिहिनार?" वर सल्ला, "आन् एकाच पेनानं भरू नका. निळं, काळं, पुन्यांदा निळं. म्हंजे वर्षभर भरल्यागत दिसतं."
तीन पेनं वापरली मी. अगदी मन लावून.

१४ ऑक्टोबर
भवानीनगरला घरी. लेक प्राजू तिसरीत, आमच्या इथल्या इंग्रजी शाळेत. इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचत सोफ्यावर लोळत होती. ह्यांना म्हटलं, "हिला माझ्या शाळेत घालू या का?" हे हसायलाच लागले. चेष्टा वाटली त्यांना. मलाही चेष्टाच करायची होती की काय, कोण जाणे. उद्या खरंच घालायची वेळ आली तर मी घालीन? नाही घालणार. लिहून ठेवते, निदान इथं तरी खरं असू दे.

१८ डिसेंबर
अलकाच्या भाकरीला पेपरचा तुकडा गुंडाळलेला. तेलकट. भाकरी बाजूला ठेवून बोट लावून बसली. "बा... रा... म... ती. बाई, बारामती हाय की हे!" मी पाठीत धपाटाच घातला आनंदानं. दोघी खो खो हसत सुटलो.
जोडाक्षरं अजून लांब. आणि सहातले आता तिघंच येतात.

११ फेब्रुवारी १९९७
परवा तपासणी. हे.गु. म्हणाले, "त्या सहा जणांना घिऊन तुमी सकाळीच नदीवर जायाचं. परिसर भेट. वर्गात राहतील ती घडाघडा वाचत्याल, साहेब खूश." आमच्या भागात ही रीतच आहे. कुणी पोरं रोपवाटिकेला नेतं, कुणी देवळाला. मी म्हटलं, "अलकाला ठेवू का? थोडं येतं तिला."
"थोडं येतंय म्हनूनच नगं. अडाकली म्हंजे?"
भांडायला हवं होतं. "बरं" म्हणाले.

१३ फेब्रुवारी
गेले नीरेच्या काठाला. झाडांची नावं सांगितली, दगड वेचले. बाकीची पोरं खूश, शाळा नाही म्हणून. अलका माझ्या शेजारी बसून राहिली.
"आमास्नी वाचता येत न्हाय म्हनून हितं आनलं ना बाई?"
"नाही गं. परिसर भेट आहे ही."
"मग वर्गातली हुशार पोरं का न्हाय आली?"
मी बॅगेतून चिवडा काढला आणि सगळ्यांना वाटत बसले. लाज वाटते लिहायला. घास तिच्या हातात तसाच राहिला.
परत आलो तर शेरा लिहून साहेब गेलेले: सर्व विद्यार्थी वाचनक्षमता प्राप्त. हे.गुं.नी पेढा दिला. खाल्ला.

२६ फेब्रुवारी
अलका दहा दिवस नाही. वस्तीवर गेले. आई कांद्यात खुरपत होती, शेजारच्या वाफ्यात अलका. आई उठून म्हणाली, "म्या रोज म्हनते जा, बाई वाट बगत्याल. तर म्हनती, आई, मी न्हाय गेले तर शाळेचं नाव चांगलं ऱ्हातं. म्या म्हनलं मग घे खुरपं."
अलकानं मान वर केली नाही. मीच तिच्यापुढं बसले, वाफ्यात, साडीसकट. "माझं चुकलं," म्हटलं. "मी तुला न्यायला नको होतं." ती कांद्याची पात तोडत राहिली.

३ मार्च
आली. पण आता दार लावा म्हणत नाही. कुणी बघितलं तरी चालतं म्हणे. मला हे बरं वाटायला हवं, वाटत नाही.

१७ एप्रिल
वार्षिक परीक्षा. अलकाचा मराठीचा पेपर तपासला. सगळे प्रश्नच बघून बघून उतरवलेत, छान वळणदार. उत्तर एकही नाही. एका ठिकाणी खोडून, जोर लावून, स्वतःचं काहीतरी लिहायचा प्रयत्न. दोन शब्द लागले मला. अजून एक वर्ष, फक्त एक वर्ष मिळालं असतं हिला...

२८ एप्रिल
मायलेकी आल्या शाळेत. अलका आईच्या मागं उभी. आई म्हणते, "सांग की आता. वाटंनं तर लई बोलत हुतीस."
"बाई, मला नापास करा."
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आईनं उलगडून सांगितलं. पास झाली की पाचवी दुसऱ्या गावाला, तिचा बा पाठवणार नाही. नापास झाली तर हितंच, अजून एक वरीस. "तिला वाचाय यायचंय बाई. तुमच्याजवळ येतंय म्हनती."
हे.गुं.कडे गेले. ते चिडले नाहीत, तेच वाईट. हळूच नोंदवही काढून पुढं ठेवली. "ह्या खुना कुनाच्या हातच्या? साध्य, साध्य, साध्य. वर साहेबांचा शेरा. आता नापास दाखिवली तर आधी तुमी खोट्या, मग मी खोटा, मग साहेब. चौकशी लागंल. पास करा बाई. तुमाला बी लेकरू हाय."
निळं, काळं, निळं. किती खरं दिसतंय ते.

३० एप्रिल
उद्या निकाल. दुपारी घरी पत्रक घेऊन बसले. हे दोनदा विचारून गेले, झालं का म्हणून. प्राजूला सगळं सांगितलं तर म्हणाली, "मम्मी, नापास व्हायला कुणी मागतं का?"
वीस नावांपुढं पास लिहिलं. एका दमात, हात थांबला नाही. मग लक्षात आलं, त्या विसात बाकीचे पाच जण होते. त्यांनाही वाचता येत नाही. त्यांच्या आया आल्या नाहीत, त्यांनी काही मागितलं नाही, म्हणून मला ते दिसलेच नाहीत.
अलकाचं अजून लिहिलेलं नाही.