बोअर वरच्या अंगाला

४ फेब्रुवारी

परवान्यासाठी माती-पाणी तपासायच्या तिन्ही बोअर मारून झाल्या. तिन्ही पंपाच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडे! एक तरी खाली, ओढ्याच्या उताराला मारायला हवी होती. पेट्रोलची टाकी जमिनीत पुरलेली, जुनी. गळत असेल तर पेट्रोल पाण्याबरोबर खालीच जाणार. चढ चढून रस्त्यावर यायला त्याला काय पाय फुटलेत?

पण पाद्रिनो, माझे धर्मपिता, छत्री धरून उभे. "इथं मार, पोरी. खाली माझे पाइप आहेत." पंप त्यांचा. बाप्तिस्म्याला त्यांनीच मला हातांत धरलं होतं. आजही पंपावर गेल्या गेल्या मी हात जोडून आशीर्वाद मागितला, त्यांनी माझ्या डोक्यावर क्रूस काढला, आणि मग मशीन सुरू झालं. आशीर्वाद घेऊन लगेच वाद कोण घालणार? मी नाही घातला. खाली पाइप नाहीत हे मला माहीत होतं. नकाशा माझ्याच हातात होता.

१३ फेब्रुवारी

राजधानीतून, आसुन्सिओनहून, लॅबचा निकाल आला. माती स्वच्छ, पाणी स्वच्छ. येणारच होता तसा! मी अहवालावर सही केली. आता परवाना नवा होणार म्हणून पाद्रिनोंनी पंपावर गरम चिपा, चीजचा पाव, वाटला, अहवाल दाराच्या काचेवर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत राहिले – "माझ्या धर्मकन्येनं तपासलंय. वाचा, वाचा."

१४ फेब्रुवारी

कालचा चिपा मी कुत्र्याला घातला.

२० फेब्रुवारी

सेफेरिनाबाईंनी फाटकातून हाक मारली. पंपाच्या खालचं घर त्यांचं, अंगणात विहीर. जायचं नव्हतं, पण भर दुपारी तेरेरेला, येर्बाच्या पाल्याच्या गार चहाला, बोलावल्यावर नाही म्हणायची सोय नसते. फणसाच्या झाडाखाली बसलो. त्या, त्यांची सून रोसालबा – सातवा महिना – आणि मी.

एरवी त्या पाण्यात पुदिना, गवती चहा, काय काय कुटून घालतात. आज काहीच नाही. "कोंबड्यांनी सगळा वाफा उकरला, मेल्यांनी. आज नुसतंच पी."

पहिला पेला माझ्याकडे आला. नळी तोंडात धरली आणि कळलं. बर्फाचं गार पाणी, येर्बाचा कडूपणा, आणि त्यांच्या मागून पेट्रोल. अगदी पुसट. पुदिना असता तर मलासुद्धा कळलं नसतं.

संपवून पेला परत दिला आणि धन्यवाद म्हणाले. म्हणजे पुरे, मला आता नको.

"एकातच धन्यवाद?" सेफेरिनाबाई म्हणाल्या. "रुसलीस की शहरात राहून पोट नाजूक झालं?"

त्याच नळीनं रोसालबा प्यायली. दोनदा. "हा आतला पैलवान सारखा गारच मागतो," पोटावर हात ठेवून म्हणाली. त्या दोघी हसल्या. मीही हसले. हसले मी!

२१ फेब्रुवारी

पाद्रिनोंकडे गेले. हात जोडले, आशीर्वाद घेतला, मग म्हणाले, "खालच्या विहिरीला वास येतोय."

"पंपाशेजारी राहतात त्या. गुलाबाचा येणार का?"

मी जागची हलले नाही. तेव्हा हळूच म्हणाले, "सही तुझी आहे, पोरी. आता तूच म्हणणार, मी खोटं लिहिलं? परवाना हातात पडू दे. मग टाकी उपसतो. शब्द आहे माझा."

मी मान डोलावली. कशाला डोलावली, देव जाणे. घाबरले होते. त्यांना नाही, त्या सहीला.

२३ फेब्रुवारी

राहवलं नाही. हातानं फिरवायचं गिरमिट घेऊन पंप आणि सेफेरिनाबाईंचं घर यांच्यामधल्या चरात उतरले. वरची माती लाल, कोरडी. खाली ओल लागली तशी ती करडी होत गेली, आणि मग वास असा आला की तोंड फिरवावं लागलं. बरणीत भरून लॅबला पाठवली.

निकाल आला की सांगू त्यांना, असं ठरवलं. नाकाला एवढं कळल्यावर निकाल कशाला हवा? पाद्रिनो परवान्याची वाट बघतायत, मी लॅबची. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. आणि त्या दोघी पाणी शेंदतायत.

२६ फेब्रुवारी

रोसालबानं बादली खाली ठेवून हात केला. मी फोनमध्ये डोकं घातलं.

२ मार्च

लॅबचं आलं. माहीत होतं तेच. पहिला अहवाल मागे घेतला, दुसरा परवान्याच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला, मग पाद्रिनोंना जाऊन सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

हे खरं तर मी म्हणायला हवं होतं. उद्या सकाळी आधी सेफेरिनाबाईंकडे. मग काय बोलतील ते बोलोत, मन तरी हलकं होईल.

३ मार्च

सांगितलं. विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणाले. सेफेरिनाबाईंनी हातातली बादली खाली ठेवली.

"नाताळात वास यायला लागला तेव्हाच विहीर बंद केली होती आम्ही. जावेकडून पाणी आणत होतो. मग काचेवर तुझा कागद वाचला. म्हटलं, आपली नीदिया खोटं कशाला लिहील, माझंच नाक म्हातारं झालं. त्याच संध्याकाळी विहीर उघडली."