चुलतभावाची आंघोळ

मनीषनगर, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय संजीव,

अनेक आशीर्वाद. रीनालाही सांग. माझा पाय आता बरा आहे. काठी टेकत गेटपर्यंत जातो आणि तिथे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटचे सल्ले देतो, अशी तुझ्या गोपिकावहिनीची तक्रार आहे.

फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. फोनवर मी तब्येतीच्या पुढे जात नाही, हे तुलाही कळलं असेल. मागच्या रविवारी निघताना तू दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला कामठीला बोलावलंस आणि मी पंख्याकडे बघत बसलो. त्याचं उत्तर द्यायचं आहे.

आधी आमच्या लेकीची, अपेक्षाची बातमी. ती व्हिएतनाममध्ये नोकरीला आहे, हे तुला माहीत आहेच. परवा ती चान हुंग दाओ नावाच्या जुन्या सेनापतीच्या जत्रेला गेली होती. सातशे वर्षांपूर्वी मंगोल या एवढ्याशा देशावर तीनदा चालून आले आणि तीनदा मार खाऊन परतले. लोकांनी राजधानी रिकामी केली, मंगोलांना खायला दाणा मिळू दिला नाही. शेवटी तर या हुंग दाओने नदीच्या तळाशी लोखंडी टोकांचे खांब रोवले. ओहोटी लागली आणि मंगोलांची जहाजं त्या खांबांवर चढून फाटली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. हुंग दाओचे वडील आणि तिथला राजा सख्खे भाऊ, आणि दोघांत हाडवैर. राजाचा मुलगा क्वांग खाई, म्हणजे याचा चुलतभाऊ, आंघोळीचा भारी आळशी होता म्हणे. एके दिवशी हुंग दाओने थट्टा करत त्याचे कपडे उतरवले आणि सुगंधी पाण्याने त्याला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं. तिथून दोघांचं जमलं. पुढे मंगोल आले तेव्हा दोघं एका बाजूने लढले.

अपेक्षा हसत सांगत होती. मी फोन गोपिकाच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

धंतोलीच्या दवाखान्यातून पायाचं ऑपरेशन करून आलो तेव्हा मी कुणाला अंगाला हात लावू देत नव्हतो. ओल्या फडक्यावर दिवस काढत होतो. गोपिका रडकुंडीला आली होती. न बोलावता तू आलास, वहिनीला पाणी तापवायला लावलंस आणि मला म्हणालास, "दादा, वास येऊन राहिला तुह्या अंगाचा. बस खुर्चीवर." पाठ घासलीस, नखं काढलीस, आणि नंतर दर रविवारी आलास. मी मात्र "पाणी कढत आहे" एवढंच बोललो. संजीव, इतकं हलकं मला बाबा गेल्यापासून वाटलं नव्हतं. तुझे उपकार मानतो, हे मोठा असून लिहितो.

आता जे टाळत होतो ते. काकांनी आजोबांचा हातमाग न विचारता मोडला आणि कामठीत पॉवरलूम घातली, ते बाबा शेवटपर्यंत विसरले नाहीत. जाताना माझा हात धरून म्हणाले, "त्या घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको, जितू. मले वचन दे." मी दिलं. म्हणून तू माझ्या घरी येत राहिलास आणि मी पंख्याकडे बघत राहिलो. राग तुझ्यावर कधीच नव्हता.

हुंग दाओच्या वडिलांनीही मरताना त्याला सांगितलं होतं, माझ्या भावाचं राज्य हिसकावून घे, नाहीतर मी डोळे मिटणार नाही. तो त्यांच्यापुढे हो म्हणाला. पण राज्य घेतलं नाही, राखलं. अपेक्षा सांगते, तिथली म्हातारी माणसं त्याच्या मूर्तीपुढे उदबत्ती लावतात आणि त्याला बाप म्हणतात. ज्याने बापाचं ऐकलं नाही, त्याला.

हे ऐकल्यावर आज सकाळी बाबांच्या फोटोपुढे उभा राहिलो. सांगून टाकलं. फोटोतला चेहरा होता तसाच राहिला, मला मात्र चहा गोड लागला.

सोमवारी पहाटे मी आणि गोपिका येतो. उटणं ती आणेल. पाणी तू तापव. उंबऱ्यावर तेवढा हात दे, पाय अजून नीट उचलत नाही. आणि आधी तू बसायचं खुर्चीवर. तेल मी लावणार.

न्हाऊन निघालेला,
तुझा दादा