सातवा रकाना

६ जानेवारी, सोमवार

आली! पेरियारची परवानगी आली! दोन रात्री तंबूत, तीन दिवस जंगलात पायपीट — बेचाळीस मुलं, चार शिक्षक. तीन वर्षं पत्रं लिहीत होतो. सुप्रभा मॅडमनी, आमच्या मुख्याध्यापिकांनी, कागद दोनदा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सुब्रमण्यम सर, जबाबदारी तुमची. एक पोर खरचटलं तरी मी तुम्हालाच विचारणार." विचारा की! नववीला बायॉलजी शिकवतो, फळ्यावर हत्ती काढून काढून हात दुखला. आता खरा दाखवीन.

घरी अक्काला सांगितलं. "जमिनीवर निजायचं? आणि आंघोळ?" एवढंच विचारलं. मग बराच वेळ भाजी चिरत बसली.

८ जानेवारी

पालकांचा फॉर्म मीच केला. अकरा रकाने. सातवा — आजार आणि औषधं. खाली मॅडमच्या हट्टानं एक ओळ: 'ही माहिती मी स्वतः पालकांशी बोलून तपासली आहे.' सही माझी.

नियमही मीच लिहिले. भडक कपडे नकोत. सेंट नको. कुणाच्या पिशवीत सुटी गोळी नको — औषध असेल तर फॉर्मवर लिहायचं आणि माझ्या हातात द्यायचं. खाण्याचा कण नको, हत्तीला लांबून वास येतो. निघताना पिशव्या उघडून बघायच्या, डबे शाळेतच उतरवून घ्यायचे. वैद्यनाथ, आमचा पीटी मास्तर, म्हणाला, "सर, हा कॅम्प आहे की जेल?" हसू दे. याला जंगल म्हणजे मैदानावरचा कडुलिंब!

१० जानेवारी, शुक्रवार

आज पालकांची सभा. तिच्यात जे झालं ते इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं लिहिणार?

सभेच्या मध्येच अक्काचा फोन. गोळी सापडत नाही. व्हरांड्यात जाऊन बोललो — "फडताळात बघ, निळ्या डबीत. आधी घेऊन टाक. दोन वेळा चुकली की फीट येते, ठाऊक आहे ना तुला?" परत येऊन फॉर्म घ्यायला बसलो. रांगेत नववीतली जननी आणि तिची आई. आई सातव्या रकान्यावर पेन टेकवून थांबली. मग 'काही नाही' असं लिहिलं आणि मुलीला म्हणाली — मराठीत!

"गोळ्यांचं कुणाला सांगू नको हां. कळलं तर नेणार नाहीत. सकाळी एक, रात्री एक, चुकवायची नाही. नऊला निजायचं. जागरण झालं की फीट येते, ठाऊक आहे ना?"

माझ्यापासून दीड हातावर. इतकं सावकाश, इतकं तपशीलवार. काय बाई आहे! समोर बसलेल्याला कळत असेल, हा विचारच नाही. पण तिला तरी कसं कळणार? नाव सुब्रमण्यम, कपाळाला विभूती, बोलणं तमिळ. शाळेत मला सगळे तमिळच समजतात, मी समजू देतो. इथल्या जुन्या मराठा राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीतला मराठी म्हटलं की लगेच "राजाचे नातलग का?" — कंटाळा येतो त्या प्रश्नाचा. गावातले आपले मराठी लोक मला ओळखतात, पण हे कुटुंब कुंभकोणमहून या वर्षीच आलेलं.

मी मान वर केली नाही. फॉर्म घेतला. जाताना तिनं तमिळमध्ये विचारलं, "तुम्ही स्वतः जाणार ना, सर?" हो म्हटलं. दारातून परत आली. "नक्की तुम्हीच ना?" गेटपाशी गेल्यावर पुन्हा वळून तेच. अहो, बेचाळीस मुलं आहेत, तुमची एकटी नाही!

११ जानेवारी, शनिवार

रात्रभर डोक्यात तेच. जननीला फीट येते. मला कळलंय. आणि कळलंय हे कुणालाच कळलेलं नाही.

मॅडमना सांगितलं तर पहिलं नाव तिचंच कापलं जाणार. न सांगता सही केली तर ती सही खोटी.

अक्काला सांगितलं. तिच्याशिवाय आहे कोण? अक्काला सातव्या वर्षी पहिली फीट आली आणि अम्मानं तिची शाळा बंद केली. "चारचौघांत पडली तर लग्न कसं होणार?" लग्न तसंही झालं नाही. तिला लिहिता-वाचताही येत नाही. मला अप्पांनी ओट्यावर बसवून देवनागरी शिकवली, ती आत दाराआड बसायची. या वहीला कुलूप लागत नाही ते म्हणूनच.

अक्का म्हणाली, "सुब्बू, त्रेपन्न वर्षांत मी काय बघितलं? तिरुवैयारु!" तेही बसनं अर्ध्या तासावर. मग म्हणाली, "जाऊ दे रे तिला. तू आहेस ना बरोबर. तुला माहीत आहे काय करायचं." माहीत आहेच. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. दहा वर्षांचा असल्यापासून करतोय.

सही केली.

१५ जानेवारी

माट्टु पोंगल. गल्लीत गायींची शिंगं रंगवलीत. मला काही गोड लागलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

जननीनं वर्गात विचारलं, "सर, हत्ती कान हलवायचा थांबला म्हणजे तो आपलं ऐकत असतो, खरं?" एकतीस पक्ष्यांची यादी केलीय पोरीनं, प्रत्येकापुढं चौकोन. दिसला की खूण करणार. बाकीच्यांना फक्त बसमध्ये खिडकी हवी आहे.

उत्तर देत होतो आणि तिचे डोळे माझ्यावरून पलीकडं गेले. पाच सेकंद. पेन हातातून घरंगळलं. मग पापण्या हलल्या आणि ती पुन्हा लिहायला लागली, काही झालंच नाही अशी. वर्गात कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी पेन उचलून दिलं.

कागदावर सगळं बसवलं आहे. तिचा तंबू माझ्या शेजारी. नऊला दिवे बंद, शेकोटी नाही. सकाळ-संध्याकाळ मी सगळ्यांना पाणी प्यायला लावणार, म्हणजे तिला गोळी घ्यायला निमित्त मिळेल. तिची पिशवी मीच तपासणार, आणि काही दिसलं तर दिसलं नाही. वैद्यनाथ चिडला. "शेकोटी नाही? गाण्याच्या भेंड्या नाहीत? सर, तुम्ही मुलांना नेताय की म्हाताऱ्यांना?"

होईल. मी आहे ना.

२६ जानेवारी, रविवार

हात दाखवून अवलक्षण! झेंडावंदन झाल्यावर पुदु आरू कालव्याच्या काठानं चालायचा सराव करत होतो, पाठीवर आठ किलोची पिशवी. कशाला? कुणी सांगितलं होतं? बंधाऱ्याची कड ढासळली आणि पाय खाली मुरगळला. आवाज मला ऐकू आला.

२७ जानेवारी

हाड मोडलंय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

मॅडम घरी येऊन गेल्या. माझ्याऐवजी वैद्यनाथ मुलांना नेणार. "पालकांना कळवू नका, उगाच घाबरतील. तुमची तयारी चोख आहे, सर." माझी तयारी! ती सगळी माझ्या डोक्यात आहे, कागदावर कुठाय?

त्या गेल्याबरोबर अक्का स्वयंपाकघरातून आली. "आता सांग. तू होतास म्हणून मी गप्प राहा म्हटलं. आता तू नाहीस."

२८ जानेवारी

वैद्यनाथला फोन केला. तोंडापर्यंत आलं होतं. पण याला सांगितलं की दुपारपर्यंत मैदानावर शिट्टी मारून सांगेल! आणि पहिलाच प्रश्न — तुम्हाला कधीपासून माहीत? म्हणून म्हटलं, "त्या जननीला जरा लवकर झोपू दे. नाजूक आहे." तो हसला. "सर, सगळीच नाजूक आहेत. दोन दिवसांत कणखर करून आणतो."

अक्कानं विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, हो. तिच्याशी खोटं बोललो.

२९ जानेवारी

जननीच्या आईचा नंबर फॉर्मवर आहे. दोनदा फिरवला. पहिल्यांदा वाजायच्या आत ठेवला. दुसऱ्यांदा वाजला, मग ठेवला. काय बोलू? 'तुमचं बोलणं मी चोरून ऐकलं, तीन आठवडे गप्प बसलो, आणि आता मी येत नाही'?

तसं बघितलं तर जबाबदारी आईची. तिनं लपवलं, मी नाही. तिला कळलं असेलच मी पडलोय. जननीनं सांगितलं असेल. आणि गोळ्या तर पोरगी घेणारच. चौदा वर्षांची आहे, अडाणी नाही.

हे लिहिलं आणि बरं वाटलं. मग वाचून बघितलं, तेव्हा बरं वाटलं नाही.

३० जानेवारी

मॅडमचा फोन. "शेवटचं विचारते. सातवा रकाना सगळ्यांचा तपासलाय ना?"

"हो मॅडम."

भ्याड! भ्याड! भ्याड!

३१ जानेवारी, शुक्रवार

पहाटे पाचला बस सुटली. वैद्यनाथचा दिंडीगलवरून फोन, मागं पोरांचा आरडाओरडा. "तुमच्या नियमाप्रमाणं सगळं केलं, सर. एकोणीस डबे उतरवले. एक पोरगी डबा सोडेना, रडायलाच लागली. म्हटलं, डबा हवा की हत्ती? मग दिला." पोरं खाण्यावर जीव टाकतात, दुसरं काय.

जननी ठीक आहे का, विचारलं. "खिडकीत बसलीय. गप्प आहे." खिडकीतून पक्षी शोधत असेल.

दुपारी जंगलाच्या तोंडाशी, कुमुळीहून निरोप: 'आता इथून पुढं रेंज नाही. रविवारी भेटू. आज पहाटेपर्यंत शेकोटी आणि भेंड्या!! रागावू नका.'

अक्काला वाचून दाखवला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

काही वाईट झालं असतं तर एव्हाना जंगलखात्याच्या चौकीवरून कळवलं असतं. म्हणजे काही झालेलं नाही. सकाळपासून मी हेच घोकतोय.

डब्यांतलं सोमवारपर्यंत खवट होईल म्हणून मॅडमनी शिक्षकांच्या घरी वाटून टाकलं. मला स्टीलचा एक जुना डबा आला, झाकणावर कुणाचं तरी नाव कोरलेलं, घासून घासून पुसट झालेलं. मुरुक्कू आहेत, चकलीसारखे. कॉफीबरोबर अक्कानं दोन खाल्ले, मी चार. हिंग अगदी बेताचा पडलाय. बऱ्याच दिवसांनी तोंडाला चव आली.

संध्याकाळ

मॅडमना सगळं सांगितलं. त्या गाडी घेऊन निघाल्यात. वैद्यनाथचा फोन लागत नाही. चौकीला निरोप दिलाय, माणूस तंबूपर्यंत चालत जाईल म्हणाले. तोवर हाताला काही हवं म्हणून लिहितोय.

पाचला दार वाजलं. जननीची आई. मी पडलोय हे दुसऱ्या कुणा पालकाकडून तिला आत्ता कळलं होतं, पोरीनं घरी सांगितलंच नव्हतं. माझ्या प्लास्टरकडं बघत राहिली आणि सरळ मराठीत म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत?"

मग म्हणाली, "त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही मराठीत अक्कांना गोळीचं सांगत होता. ऐकलं मी. तुमच्याही घरात तेच आहे हे कळलं, म्हणून तर तुमच्यासमोर तसं सावकाश बोलले. कागदावर लिहिता येत नव्हतं. तुम्हाला सांगता येत होतं."

मग तिला स्टुलावरचा डबा दिसला. उरलेले मुरुक्कू तिनं पलंगावर ओतले आणि तळाचा कागद उचलला.

गोळ्यांची पट्टी. सहाच्या सहा.

अक्कानं हातात घेतली. त्याच गोळ्या, रोज तिच्या निळ्या डबीत असतात त्या.

"सुब्बू," ती म्हणाली, "काल रात्रीची पण नाही घेतली तिनं."