चौदा नंबरचं काळीज

२ फेब्रुवारी
शिवलीलाचा फोन. हळू बोलत होती, तिचे वडील, आप्पा, बाहेरच्या खोलीत झोपलेले. सोलापूरच्या डॉक्टरनं त्यांना सांगितलंय, काळजाच्या नळीत अडथळा वाटतोय, अँजिओग्राफी करा. आप्पा म्हणाले, आधी पोरीचं लग्न, मग माझी छाती. स्थळ बिदरचं. वीस तारखेला साखरपुडा.
"तू नाही म्हण."
"म्हणते की. आन त्यांना काय झालं तर?"
फोन ठेवला आणि फेकला. गादीवर पडला म्हणून वाचला.

३ फेब्रुवारी
कामावर लक्ष नाही. शि. डोक्यात.
गंमत बघा. दिवसभर मी तेच बघतोय जे आप्पांच्या छातीत चाललंय. आमच्या औषध-संशोधन केंद्रावर डुकरं आहेत. डॉक्टर मॅडम त्यांच्या काळजाला रक्त नेणाऱ्या नळीभोवती एक बारीक कडं बसवतात. कडं आतल्या ओलीनं फुगत जातं, नळी हळूहळू आवळत जाते. मग औषध देऊन बघायचं, काळीज सुधारतं का. उंदरावर हे नीट कळत नाही म्हणे. मॅडम म्हणतात, डुकराचं काळीज माणसाच्या लई जवळचं. मी हसलो तर म्हणाल्या, "हसू नको, तुझंही तसलंच आहे."
शेडमध्ये एकच कडक नियम. आवाज नाही. ओरडायचं नाही, पळवायचं नाही, हातानं चारायचं.
घरी माकणीला आलो की आई म्हणते आधी मोरीत जा, मग चुलीपाशी ये. गावात सांगितलंय औषधाच्या कंपनीत आहे. आणि शि.च्या घरात अंडंसुद्धा येत नाही.
कॉलेजात एका सरांची कॉलर धरली नसती तर आज जनावरांचा डॉक्टर असतो. मला काढलं नव्हतं, मीच सोडलं. कुणाला काय फरक पडतो.

६ फेब्रुवारी
ठरलं. शि.च्या गावाला, मुरुमला जायचं, आप्पांच्या धान्याच्या आडतीत, सगळ्यांसमोर. म्हणायचं, स्वतःच्या छातीचा धाक घालून पोरीचं आयुष्य ढकलून देताय तुम्ही. खाली बसूनसुद्धा म्हणायचं नाही. उभ्यानं.
चौदा नंबरच्या डुकरिणीला केळं चारताना हेच बडबडत होतो. गोविंदमामा झाडू घेऊन मागं उभे.
"काय रं, चौदा नंबरला मागणी घालतूस व्हय?"
"हिच्या बापाला विचारतोय."
"विचार की. हिच्याकडनं कुनी आडवं येनार न्हाय."
मामा इथले जुने. माझ्याआधी असलेली दोन पोरं वासाला कंटाळून पळाली. मी पळालो नाही एवढ्यावर त्यांचा माझ्यावर जीव.

९ फेब्रुवारी
लिहायचं का नाही. लिहितो.
चारायच्या वेळेला शि.चा मेसेज. "साखरपुड्याची साडी घेतली. आता फोन करू नको."
हातात लोखंडी बादली होती. फाटकावर हाणली. एकदा नाही.
सगळी डुकरं कोपऱ्याला. चौदा नंबर आधी गोल पळाली, मग परत पळाली, मग पुढचे पाय दुमडून बसली, पाणी प्यायला वाकावं तशी. मला वाटलं बसली. मामा धावत आले. मॅडम आल्या, सुई दिली, छाती दाबली. किती तरी वेळ दाबली.
"कसला आवाज होता?" मॅडमनी विचारलं.
"बादली पडली."
मामा माझ्याकडं बघत होते. मग म्हणालो, "पडली नाही. मी हाणली."
मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "घाबरली की काळीज जोरात चालतं, रक्त जास्त लागतं. आणि नळी बंद होत आलेली. उद्यापासून शेडमध्ये नको. गोदाम बघ."

१० फेब्रुवारी
मॅडमनी तिचं काळीज उघडलं तेव्हा मला बोलावून दाखवलं. शिक्षा म्हणून नाही, शिकवतात तसं. कड्याच्या आत सुई जाईल एवढी जागा.
माझ्या हातून केळं खायची ती.
जेवण नाही. आप्पांच्या नळीत किती जागा असेल? आणि मी उभ्यानं बोलणार होतो.

१३ फेब्रुवारी
तरी गेलो. घरी बसवेना.
आडतीत तुरीचे ढीग, धूळ. आप्पा खुर्चीत, कपाळाला विभूती. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. हमालावर कानडीत ओरडले, उठून वर ओट्यावर चढले आणि मधेच थांबले. हात छातीवरच्या खिशावर, काही शोधल्यासारखा. खिशात काही नव्हतं.
"काय आणलंस? तूर?"
"नाही."
"गाव?"
"माकणी." सगळं पाठ केलेलं गेलं. तोंडातनं आलं ते हे, "आप्पा, अँजिओग्राफी करून घ्या."
बघत राहिले. "तूच व्हय त्यो. डुकरं राखतोस म्हणं."
म्हणजे माहीत होतं. आवाज चढायला लागला त्यांचा, मानेची शीर फुगली. मी तिथंच पोत्याला टेकून खाली बसलो. "तुम्ही मला नंतर शिव्या द्या. आत्ता हळू बोला." आणि शेडमध्ये बोलतो त्या आवाजात चौदा नंबरचं सगळं सांगितलं. बादलीसकट.
"म्हणजे म्या डुक्कर."
"तसं नाही आप्पा."
"तसंच सांगाय लागलास की." मग, "पोरीबद्दल बोलाय आलतास न्हवं?"
"आलतो. जमत नाही."
चहा सांगितला त्यांनी. एकच. माझ्यासाठी. स्वतः घेतला नाही.

१५ फेब्रुवारी
शि.चा फोन, तिनंच केला. शिव्या.
"आप्पांना डुकराची गोष्ट सांगितलीस? तुला लाज कशी नाही रे? दोन दिवस जेवलं की ढेकर आला तरी घाबरतायत."
मग रडली. मग म्हणाली, "परवा सोलापूरला नेतोय. आपणहून म्हणाले."
"आणि वीस तारीख?"
"ती आहेच."
"नळी मोकळी झाली तर? मग तर तुला म्हणता येईल ना, नको म्हणून?"
माझ्या कानात रक्त चढलं. जोरात बोलणार होतो. फोन छातीशी धरून थांबलो, परत कानाला लावला.
ती होती अजून. "आधी मोकळी होऊ दे," म्हणाली.
हे काय म्हणायचं? व्हय का न्हाय?

१७ फेब्रुवारी
सोलापूर. ती येऊ नको म्हणाली होती. आलोय.
बाकावर बसून लिहितोय. शि. समोरच्या बाकावर, तिची आई शेजारी. शि.नं मला बघितलंय. आई मला ओळखत नाही, मघाशी मलाच विचारलं, पोरा, पाणी कुठं मिळतं? आणून दिलं. "कुणाचा रे तू, लई गुणाचा," म्हणाल्या. शि. जमिनीकडं बघत होती.
आप्पांना आत नेऊन बराच वेळ झाला. तपासतानाच स्टेंट बसवायला लागला म्हणे. मला आत काय चाललंय ते दिसतंय. दुसऱ्या कुणाला दिसत नसेल असं दिसतंय. सुई जाईल एवढी जागा, आणि त्यातनं तार.
साखरपुड्याचं इथं कुणी बोलत नाही. पण आईच्या पिशवीत बिदरकडच्यांना द्यायची पत्रिका आहे, वर डोकावतेय. हातानं ओढून फाडावी. नाही. इथं नाही, आज नाही.
आत्ता दार उघडलं. नर्स म्हणाली, आप्पांचे कोण आहेत, दोघांनी या. आई उठल्या. शि. उठली. दाराशी जाऊन तिनं आईला पुढं केलं आणि वळून माझ्याकडं बघितलं, हात दाराला तसाच धरून.
ये म्हणतीय का थांब म्हणतीय, मला कळत नाही. वही मिटून उठतोय.