दार दुरुस्तीला गेलं आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी, पूजा आटोपून.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मनातली घाण कागदावर उतरली की तोंडातून बाहेर येत नाही, असं एकदा कीर्तनात ऐकलं होतं.

आजची घाण: आरटीई. गरिबांच्या मुलांनी खासगी शाळेत जायचं आणि त्यांची फी सरकारने त्या शाळेला द्यायची. सुरतेत, उधन्यातल्या आमच्या गल्लीत सध्या दुसरा विषय नाही. नळावर तेच, देवळात तेच. अरे, सरकारची स्वतःची शाळा आहे ना? पालिकेची, मराठी. तिथे पहिलीच्या वर्गाला दार नाही. दुरुस्तीला गेलं त्याला दोन दिवाळ्या झाल्या. आणि सरकार पैसे कोणाला देणार? ज्यांच्या गेटला दरवर्षी नवा निळा रंग लागतो त्यांना. शिसारी येते.

संकल्प: माझी नात चंचल यंदा पहिलीत जाईल ती पालिकेच्याच शाळेत. घरातला कर्ता मी आहे. विषय संपला.

८ मार्च, शनिवार

मारुतीच्या देवळात 'मराठी वर्ग बचाव समिती' स्थापन केली. पहिलीला पुरेशी मुलं आली नाहीत तर मराठी वर्ग हिंदीच्या वर्गात मिसळणार, असं हेडबाई वत्सलाबाईंनी सांगितलं आहे. हजर: मी, गोपाल पानवाला, पुजारी. पुजारी आरतीसाठी आले होते. अध्यक्ष मी. विरोध झाला नाही.

गोपालने मात्र फाटे फोडले. म्हणे शाळेला दिलेला पैसा रंगाऱ्याकडे आणि ठेकेदाराकडे जातो, पोराच्या नावाने दिलेला पोराबरोबर जातो. मी विचारलं, आणि जे पोरगं मागे उरतं त्याच्याबरोबर काय जातं? मग त्याने वैयक्तिक काढलं. तुझा योगराज कुठे शिकला, म्हणे.

योगराज खासगीत शिकला. पण माझ्या पैशाने. सरकारच्या नाही. हा तत्त्वाचा फरक आहे. तो तिथे आठवीत दोनदा बसला, हा शाळेचा दोष. गोपालला तत्त्व समजत नाही, चुना समजतो.

१२ मार्च, बुधवार

सूनबाई हर्षदाने लाईटबिल मागितलं. गॅसचं काम आहे म्हणाली. योगराज इच्छापोरला कंत्राटावर असतो, एक खाडा करून उत्पन्नाचा दाखला काढून आला. बँकेचं काम म्हणाला. चंचलचे फोटो काढून आणले. मामाला द्यायचे म्हणे. साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता हर्षदा हे सगळं वेळेवर करते. घरात कधी नव्हे ती शिस्त आली आहे. मी काही बोलत नाही, पण माझ्या वागण्याचा परिणाम होत असणार.

एकच त्रास. चंचल शेजारच्या सरलाबाईंच्या प्रियांकाकडे खेळायला जाते आणि नको ते शिकून येते. दारात उभी राहून म्हणते, "मे आय कम इन, टीचर?" मी 'ये' म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नाही. पाणी प्यायला आली तरी तेच. दोन खोल्यांचं घर, त्यात स्वतःच्या आजोबाची परवानगी कसली मागायची? आम्ही गावच्या शाळेत 'बाई, येऊ का' म्हणायचो, पण ते शाळेत. घरात येताना पाय धुवायचो.

१६ मार्च, रविवार

समितीच्या कामाला दारोदार फिरलो. भाषण पाठ होतं. कोणी अर्ध्यापर्यंतसुद्धा ऐकलं नाही. जिथे जावं तिथे आरटीईचा अर्ज आधीच भरलेला. एका घरी तर बाई म्हणाली की भाऊ, तुमच्याही घरी. पुढे काही बोलणार होती, तेवढ्यात शोभाबाई (माझी मंडळी, आज बरोबर येते म्हणून हटून बसली होती) तिच्या लोणच्याची चौकशी करू लागली. बायकांना विषयाचं गांभीर्य नसतं.

बाबुराव सेंट्रिंगवाले परभणीकडचे, नम्र माणूस. म्हणाले, आरटीईच्या लॉटरीत नातवाचं नाव नाही लागलं तर तुमच्याच शाळेत घालतो. म्हणजे आमची शाळा, लॉटरी न लागलेल्यांची. उबग आला. तरी त्यांचं नाव पक्क्यात धरलं.

परतताना वत्सलाबाईंना भेटलो. भाषण ऐकवू लागलो. त्या म्हणाल्या, भटूभाऊ, भाषण नको, पोरं आणा. दाराचं विचारलं. दुरुस्तीला गेलं आहे, येईल म्हणाल्या.

२८ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी.

आनंदाचा दिवस. दाराबद्दलच्या आमच्या अर्जाची कचेरीतून पोच मिळाली. शिक्क्यासह. घरी सांगायला आलो तर हर्षदा आधीच गल्लीत पेढे वाटत होती. बातमी कशी पोचते बघा. माझ्या तोंडात पेढा घातला, पाया पडली. डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, एवढं काय त्यात, माझं कर्तव्यच होतं. शोभाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. अभिमानाने माणूस मुका होतो.

कारखान्यात मला मास्तर म्हणतात. अडलेला माग चालू करणं हे माझं काम. आज वाटलं, समाजही एक मागच आहे. कुठे धागा तुटला हे दिसणारा माणूस लागतो.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी (अक्षय्य तृतीया).

पितरांची घागर भरली. हर्षदा आणि चंचल आखाजीला अमळनेरला माहेरी गेल्या. घर शांत. उंबऱ्यावर इंग्रजी नाही.

धाकट्या लखनच्या स्थळाचं पुढे सरकतं आहे. गावाहून मध्यस्थाचा, दगा त्याचं नाव, फोन होता. नंदुरबारकडची माणसं, पण दोन पिढ्या सुरतेत. न सांगता येऊन घर पाहून जातील, सावध राहा म्हणाला. बरोबर आहे. सांगून आलं की उसने गालिचे दिसतात. फ्रिज पुसून ठेवला.

६ मे, मंगळवार. दुपारी.

आले! दगाचं म्हणणं खरं ठरलं.

कारखाना बंद आहे, कारागीर गावी गेलेत, म्हणून मी घरी. बाकी कोणी नव्हतं, हे एक बरं झालं. एक गृहस्थ, एक बाई. हातात फाईल. योगराजभाईचं घर हेच का, असं गुजरातीत विचारलं. दोन पिढ्यांत मराठी विसरले, लाज नाही. पण मुलीकडच्यांना बोलू नये. मी म्हणालो, योगराज थोरला, मी त्याचा बाप, जे विचारायचं ते मला विचारा.

प्रश्न अगदी रीतीचे. घर कोणाचं, कमावते किती, गावाला शेती आहे का, वाहन आहे का. मी मोकळेपणाने सांगितलं. बागायत शेत. कामरेजला प्लॉट. कारखान्यात भागीदारी. बाहेर ही मोटार. स्थळाला सांगताना थोडं वाढवतात. ते खोटं नव्हे, रीत आहे. शेत आहेच, तीन भावांत आहे आणि पावसावर आहे. प्लॉट मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो. मालक मला भागीदारासारखंच वागवतो. आणि मोटार सरलाबाईंच्या चेतनची असली तरी मी 'ही मोटार' एवढंच म्हणालो.

मग बाईंनी विचारलं, घरात लहान मुलगी आहे तिच्या शिक्षणाचं काय. चांगलं घराणं, शिक्षणाचं विचारतात. मी सांगितलं, नात आहे. सुरतेतल्या कुठल्याही शाळेची फी मी डाव्या हाताने भरू शकतो. सरकारच्या भिकेवर पोरं शिकवणाऱ्यांतले आम्ही नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गृहस्थांनी विचारलं, हे खरं ना? मी मारुतीच्या तसबिरीकडे हात करून म्हणालो, त्याच्या साक्षीने.

फ्रिजशेजारी उभं करून माझा फोटो घेतला. लिहिलेल्या कागदावर सही घेतली. हल्ली लग्नातही कायदा फार आला आहे. मी मराठीत, झोकदार सही केली.

मुख्य गोष्ट: त्यांनी पाण्याला हात लावला नाही. मी दोनदा पुढे केलं. ज्या घरी लेक द्यायची त्या घरचं पाणी पीत नाहीत. म्हणजे त्यांच्या मनाने ठरलं.

१० मे, शनिवार

दगाला फोन केला. तो म्हणतो, त्यांचं अजून निघणंच झालं नाही, मुलीची आत्या आजारी आहे. कसलेला मध्यस्थ. पोटातलं ओठावर येऊ देत नाही.

मारुतीला रुईची माळ घातली.

१५ मे, गुरुवार

हर्षदा काल माहेराहून आली. आज योगराजच्या नावाने पत्र आलं. गुजरातीत. लखनने वाचून दाखवलं.

चंचलला निळ्या गेटच्या शाळेत आरटीईतून जागा मिळाली होती. हे मला माहीत नव्हतं. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. गोपालला माहीत होतं. पुजाऱ्यांनासुद्धा. शाळेच्या माणसांनी घरी येऊन चौकशी केली, त्यात कुटुंब संपन्न असल्याचं आढळलं, कुटुंबप्रमुखांची सही सोबत जोडली आहे. जागा रद्द का करू नये ते कचेरीत येऊन सांगावं.

लखन म्हणाला, माझ्यासाठी कोणी येणार होतं हे मला कोणी सांगितलं नाही. घरात एकमेकांना कोणी काही सांगतच नाही. या घराचा हा मोठा दोष आहे.

शोभाबाई म्हणाली, "तुमले कोनी सांगं व्हतं इतलं बोलाले?"

मी शांतपणे माझी बाजू मांडली. सरकारी पैसा सरकारी शाळेलाच का मिळाला पाहिजे, सगळे शहाणे लोक बाहेर पडले तर आतल्यांसाठी भांडणार कोण, दार परत कोण आणणार, सगळं. हर्षदा टिकल्या चिकटवत ऐकत होती. माझं संपेपर्यंत थांबली.

"आप्पा, तुमच्या शाळेचं दार येईपर्यंत चंचल सहा वर्षांचीच राहील का?"

मग उठून भाकरी करायला गेली.

याला उत्तर आहे. जेवताना आठवेल असं वाटलं होतं.

१६ मे, शुक्रवार

निर्णय घेतला. जागा परत मिळवून देणार. माझं मत बदललेलं नाही. योजना वाईटच आहे. पण घरात कोणी माझ्याशी बोलत नाही.

कचेरीचे लोक पुन्हा घर पाहायला येऊ शकतात. म्हणून फ्रिज आणि टीव्ही सरलाबाईंकडे हलवले. फ्रिज मी आणि चेतनने उचलला. गोपालने टपरीतून विचारलं, अध्यक्ष, गरिबी कुठवर आली? मी लक्ष दिलं नाही. कंबर धरली आहे.

चंचल दारात उभी. "मे आय कम इन, टीचर?" घर रिकामं पाहून तिला वाटलं शाळाच भरणार आहे. टीव्हीच्या जागी मांडी घालून बसली.

२० मे, मंगळवार

कोणीही आलं नाही. आमच्या फ्रिजमध्ये सरलाबाई बर्फ लावतात आणि वाटीभर आम्हाला पाठवतात. उन्हाळाभर राहू द्या म्हणाल्या. माणसाच्या लोभाला अंत नाही.

परवा कचेरीत जायचं. काय बोलायचं ते ठरलं आहे. दोनच शब्द: खोटं बोललो. मारुतीची क्षमा मागून ठेवली आहे.

२२ मे, गुरुवार

गेलो. योगराज बरोबर होता. रांग मोठी. सगळे आपापली गरिबी हातात घेऊन उभे. पाहवत नव्हतं.

आमचा नंबर आला. साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. बागायत शेत. प्लॉट. भागीदारी. मोटार. 'सरकारच्या भिकेवर' हेसुद्धा लिहून घेतलं होतं. मागे कोणीतरी हसलं. वळून पाहिलं तर दगाच्या भाऊबंदातला वैभव. तो रांगेत कुठून आला देव जाणे. आज इथे काय बोललं जातं ते उद्या गावच्या पारावर.

साहेबांनी विचारलं, काका, हे खरं की खोटं?

ठरवलेले दोन शब्द जिभेवर होते. मी म्हणालो, "साहेब, सगळं आहे असं नाही. पण नाहीच, असंही नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मला वाटतं, मी मधला मार्ग काढला. योगराज बसमध्ये दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

९ जून, सोमवार. शाळा उघडली.

बाबुराव पेढे घेऊन आले. दुसऱ्या फेरीत त्यांच्या नातवाचं नाव लागलं. निळ्या गेटलाच. एक जागा ऐनवेळी रिकामी झाली म्हणाले. भाऊ, तुमचा पायगुण, असं म्हणून पायाला हात लावला. समितीच्या यादीतलं एकमेव पक्कं नाव गेलं. पेढा मारुतीपुढे ठेवला.

चंचलला मी पालिकेच्या शाळेत पोचवलं. दप्तर माझ्या खांद्यावर. वाटेत तिने विचारलं, निळं गेट कधी येणार? मी म्हणालो, बोलू नको, रस्त्यात गाड्या आहेत.

दगाचा फोन: नंदुरबारवाल्यांनी नकार दिला. वैभव काहीतरी बोलला म्हणे.

२६ जून, गुरुवार. प्रवेशोत्सव.

शाळेत मंडप, फुगे, पाहुणे. मुलं कमी भरल्यामुळे मराठी पहिली हिंदीच्या पहिलीबरोबर त्याच जुन्या खोलीत बसते. वत्सलाबाई दोन्ही भाषांत शिकवतात. चांगली बाई आहे, घसा बसला आहे.

पाहुण्यांना कोणीतरी माझं सांगितलं. ते माईकवर म्हणाले, समितीच्या अध्यक्षांनी खासगी शाळेचा मोह सोडून स्वतःची नात इथे घातली, असे पालक हवेत. टाळ्या. शाल, नारळ. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. एवढे महिने पाठ केलेलं भाषण. मंडपाच्या टोकाला हर्षदा उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती, वर्गाच्या रिकाम्या चौकटीकडे पाहत होती.

आभारी आहे म्हणून खाली बसलो.

तीन मार्चचा संकल्प तंतोतंत पुरा झाला आहे. असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं.

संध्याकाळी घरी एकटाच होतो. चंचल आली. उंबऱ्यावर थांबली नाही. सरळ आत शिरली, दप्तर टाकलं, माठातलं पाणी प्यायली. मी 'ये' म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं, आज विचारलं नाहीस?

ती म्हणाली, "आप्पा, आमच्या वर्गाला दार नाही."