तिसरी खोली

१२ ऑक्टोबर

ठरलं! अंदमान! जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सहा रात्री. रोशन कारखान्यातून आला तो एलटीसीचा, म्हणजे प्रवास-सवलतीचा फॉर्म हातात घेऊनच. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यात एकदा शेगाव आणि एकदा तिरुपती, एवढंच आमचं फिरणं. आणि आता एकदम विमान, बोट, बेट! दिव्यानीने चहा होईपर्यंत निम्म्या कॉलनीला सांगूनही टाकलं.

मग फॉर्म भरायला बसलो. कुटुंबातील सदस्य – पत्नी, मुलगी, अवलंबून असलेली आई. आई म्हणजे रोशनची. माझी माय त्या रकान्यात बसत नाही.

मी म्हटलं, मायचं तिकीट मी काढते. बालवाडीच्या पगारातून बाजूला टाकलेलं आहे माझ्याकडे. रोशन बूट काढत म्हणाला, "पाहू."

हा 'पाहू' मी चांगला ओळखते. लग्नाआधी तीन वर्षं हाच 'पाहू' ऐकत होते.

१३ ऑक्टोबर

'नाही' म्हणाला नाही ना? मग माय येणार. येणारच!

१६ ऑक्टोबर

बालवाडीत पोरं गाणी म्हणत होती आणि माझं डोकं हॉटेलात.

माणसं पाच. आम्ही तिघं, सासूबाई आणि माय. सरळ हिशोब – दोन खोल्या. एकीत आम्ही तिघं, दिव्यानीला जादा गादी. दुसरीत दोन्ही आज्या. कोणीही हेच करेल. पण त्या दोघींना एका खोलीत सहा रात्री? मला विचारानेच घाम फुटतो.

सासूबाई मूल तालुक्यातल्या, धानवाल्या शेतकरी घरातल्या. गळ्यात माळ, मासळीचा वासही नको. आणि आम्ही ढिवर. माय तेरा वर्षांची असताना तलावात उतरली, डोक्यावर टोपलं घेऊन गोंडपिपरीच्या बाजारात मासे विकले, त्यावर मी शिकले. आमच्या लग्नाला सासूबाई आल्या नाहीत. बारशाला आल्या, नात बघायला. सासरे गेल्यावर इथे भद्रावतीला आमच्याकडेच राहायला आल्या, त्यालाही नऊ वर्षं झाली. माय वर्षातून दोनदा येते, समोरच्या खोलीत बसते आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाते. मुक्काम एकदाही नाही.

आणि तो गिलास! माय पिशवीत स्वतःचा स्टीलचा गिलास घेऊन येते. पाणी, चहा, सगळं त्यातच. जाताना विसळून परत पिशवीत. सख्ख्या मुलीच्या घरात! सासूबाई बघतात आणि एक शब्द बोलत नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला इतकं लागतं की काय सांगू.

माय आता पाण्यात उतरत नाही. गुडघे गेले. तलावाची पाळ चढायलाही तिला काठी लागते. पुढच्या वर्षी विमानाच्या पायऱ्या चढेल का, कोणाला माहीत. समुद्र दाखवायचा तर यंदाच दाखवायचा.

म्हणजे तीन खोल्या शोधायच्या.

१९ ऑक्टोबर

हॉटेलांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझीच ठेवली आहेत. निळ्या दाराचं. झोळीवालं. जेटीजवळचं. सुपारीच्या बागेचं. फार महागडी बघायचीच नाहीत आणि ज्यांच्या चादरींचे फोटो अंधारात काढलेत तीही नाहीत. मधली हवीत. पण मधल्यांतच सगळा घोळ! एक जण लिहितो 'स्वर्ग', त्याच्या खालचा लिहितो 'बाथरूममध्ये बेडूक'. दोन्ही एकाच खोलीबद्दल.

घरातल्यांच्या मागण्या – दिव्यानीला वायफाय. रोशनला "चहा वेळेवर मिळाला म्हणजे झालं". सासूबाईंना खालचा मजला, कमोड आणि मासळी न शिजणारं स्वयंपाकघर. समुद्राच्या मधोमध बेटावर! तरी मी तीन ठिकाणी फोन करून विचारलं. झोळीवाला हसला. हसू दे.

तीन खोल्या शेजारीशेजारी कुठेच नाहीत.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. माहेरी जाऊन आले. देवानंदला ओवाळलं, आणि मग मायजवळ जाऊन बसले. ती अंगणात जाळं सांधत होती. मोबाइलवर समुद्र दाखवला. भरती-ओहोटीचा व्हिडिओ तिने तीनदा बघितला.

"रोज उतरते पानी? बिना उन्हाळ्याचं?"

"रोज. दोनदा."

"मंग तं बाया गाळात मासे वेचाले जात असन." थोडा विचार करून म्हणाली, "आन राखाची पाळी कोनाची असते?"

आमच्या गावात मच्छीमार सोसायटीच्या घरांनी आळीपाळीने तलाव राखायचा असतो. मी म्हटलं, समुद्राला राखण नसते माय. तिला ते अजिबात पटलं नाही. "येवढ्या पान्याले राखन नाई? चोऱ्या होत असन ना वो!" देवानंद हसून हसून लोळला.

मग मी म्हटलं, तुला यायचंय. जानेवारीत. आमच्याबरोबर.

सुई थांबली. किती खूश झाली होती! कोणाला कळू नये म्हणून खाली बघत होती, पण मी बघितलं. मग विचारलं, "विहीनबाई हायेत का?"

"आहेत."

"मंग मी कुठी झोपन?"

पहिला प्रश्न हा! विमानाचा नाही, बोटीचा नाही. मी पटकन म्हटलं, "तुला वेगळी खोली घेतेय. तुझी एकटीची." मला वाटलं होतं, ती सुटकेचा श्वास सोडेल. ती "बरं" म्हणाली आणि परत जाळं सांधायला लागली.

२ नोव्हेंबर

बुक केलं! सुपारीच्या बागेचं. समुद्र चार मिनिटांवर, कमोड आहे, शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात करून देतो म्हणाला. दोन खोल्या पुढच्या इमारतीत लागून, तिसरी बागेपलीकडे, मागच्या बैठ्या इमारतीत. दहा जानेवारीपर्यंत रद्द करता येते.

तिसरी मायला. तिथे शांत आहे. गर्दी नाही. पाणी, चहा, तिचं ती बघेल, कोणाच्या डोळ्यात येणार नाही.

रोशनला सांगितलं. तो म्हणाला, "तू पाहिलं ना, मग झालं." सासूबाईंना सविस्तर सांगितलं नाही. तीन खोल्या घेतल्या, एवढंच.

३ नोव्हेंबर

जनरेटर कुठे आहे, ते विचारायचं राहिलं. आज फोन केला. मागच्या इमारतीजवळच आहे. पण "आवाज जास्त नाही" म्हणाला.

चार मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करून विचारलं, म्हणजे किती? त्याने सरळ ठेवून दिला.

३० नोव्हेंबर

दिव्यानीने आजीला बोटीचा व्हिडिओ दाखवला. दोन तास बोट, चहूकडे पाणीच पाणी. सासूबाई बघता बघता पांढऱ्या पडल्या. जेवल्या नाहीत नीट. मला म्हणाल्या, "रंजीता, पूल नाई का वो तिथी?"

नाही हो आई. पूल कुठला!

आता यांचं काय करू? मला स्वतःलाच कशात लक्ष लागत नाही. आज दोन वेळा कुकरचं झाकण उलटं लावलं.

९ डिसेंबर

मायचा फोन. "रंजू, मी नाई येत वो. राखाची पाळी हाये त्या आठवड्यात."

मी खूप बोलले. तिकीट निघालंय, खोली झालीय, दिव्यानी रडेल. ती "हो ना", "खरं हाये" म्हणत राहिली आणि शेवटी पुन्हा तेच – "तुमी जाऊन या. मी फोटोत पाहीन."

१० डिसेंबर

देवानंदला विचारलं. तो म्हणाला, "पाळी माझी आहे, मायची नाई. तीन वर्षांपासून मीच करून राह्यलो."

खोटं बोलली. माझी माय माझ्याशी!

२१ डिसेंबर

सासूबाईंचाच राग येतोय. त्यांच्यामुळे. सतरा वर्षं एका शब्दाने कधी म्हटलं नाही, की केसरबाई, बसा, जेवा, राहा. त्या एवढं म्हणाल्या असत्या, तर मायवर ही वेळ आली असती का? रोशनला म्हटलं, तू तरी बोल. म्हणाला, "ती नाई म्हणते तर राहू दे ना. जबरदस्ती काऊन?" मी भांडी जरा जोरातच आपटली. कळू दे सगळ्यांना.

भाऊबीजेला खाली बघून हसणारी माय डोळ्यांसमोरून जात नाही. तिच्याशिवाय तो समुद्र मी बघू कसा?

आणि तिसरी खोली अजून तशीच आहे. रद्द करायला हात होत नाही.

४ जानेवारी

आज जे झालं, ते नीट लिहून ठेवते.

हॉटेलचा कागद छापून आणला होता. दिव्यानी आजीला वाचून दाखवत होती. "खोली एक – पप्पा, मम्मी, मी. खोली दोन – भागीरथा आजी. खोली तीन, मागची इमारत – केसर आजी."

मी आत कणीक मळत होते. सासूबाईंची हाक आली. साधी हाक नव्हती.

"मांगची इमारत म्हंजे कुठी?"

सांगितलं. बागेपलीकडे.

"कोनं ठरवलं हे?"

"मी."

"काऊन?"

मी म्हटलं, तुमची माळ, तुमचं खाणंपिणं, तुम्हाला अडचण नको –

"माझी माळ माझ्या गळ्यात हाये," त्या म्हणाल्या. "तुझ्या मायच्या गळ्यात घालून राह्यलो का मी? परक्या मुलखात एकट्या बाईले त्या टोकाले टाकतं कोनी? मले इचारलं तरी का?"

माझे कणकेचे हात तसेच. मग त्यांचा आवाज खाली आला.

"लग्नाले आलो नाई, ते माझं चुकलं. तवा डोकं फिरलं होतं माझं. पन त्याच्यानंतर तुझ्या मायनं आपल्या घरच्या गिलासात पानी नाई पेलं. बारशापासून पाहतो. आपला गिलास घेऊन येते, आपला घेऊन जाते. मी का समजू? विहीनबाईनं मले माफ नाई केलं, येवढंच समजलं मले. बोलाची हिंमतच नाई झाली माझी."

तोंडाशी आलं होतं. बोलले नाही.

पदराने नाक पुसून त्या पुढे म्हणाल्या, "आन मले त्या बोटीचं लय भेव लागते. पान्यातली बाई संगं असली तं मी जाईन. हात धरन माझा. नाई तं मीबी घरीच राहतो, सांगून ठेव रोशनले."

५ जानेवारी

सासूबाईंनी दिव्यानीकडून नंबर लावून घेतला. मी दारात उभी.

"केसरबाई का? मी भागीरथा. रोशनची माय... व्हय, बरी हाये. तुमचे गुडघे?... माझेबी तसेच. आयका ना, ते पाळीबिळी देवानंदले करू द्या... नाई, नाई. मांगची खोली गिली काही नाई. दोघी एकाच खोलीत... घोरता? घोरा ना, मीबी घोरतो!"

बराच वेळ तिकडून माय बोलत होती. काय, ते ऐकू आलं नाही. सासूबाई नुसत्या "हो बाई, हो" करत होत्या. फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, "आन तो गिलास आनू नका. इथी गिलास हायेत."

मग माझ्याकडे वळल्या. "येतो म्हनते. पन खिडकीजवळची खाट तिले पायजे. पानी दिसाले पायजे म्हने. घे बाई, म्हटलं. मले कायले पायजे पानी!"

रोशनने वर्तमानपत्रातून डोकं काढलं आणि म्हणाला, "पहा, झालं ना बरोबर?" जसं काही त्यानेच जमवलं!

६ जानेवारी

तिसरी खोली रद्द.

मी खूश असायला हवी. आहेही. पण सकाळपासून घरात नुसती इकडून तिकडे फिरतेय. कपाट तीनदा आवरलं.

२३ जानेवारी

माय आली. आज पहिल्यांदा इथे मुक्काम, उद्या नागपूरहून विमान. पिशवीत दोन लुगडी, मुरमुऱ्याचे लाडू, आणि जाळ्याचा दोरा – तिथेही हात रिकामे नकोत म्हणे. गिलास नाही.

सासूबाईंनी आमच्या घरातल्या गिलासात पाणी दिलं. मायने एका दमात संपवलं. सासूबाईंनी विचारलं, "येवढे वर्सं काऊन आनत होत्या तो गिलास?" माय म्हणाली, "सवय वो बाई. बजारातली सवय." माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी मीच फोन केला होता तिला. माय, येताना तुझा गिलास घेऊन ये, असं मीच म्हटलं होतं. मला तसं कोणीही सांगितलं नव्हतं.